जिनिंगचा हंगाम, सौनाची खोली आणि जळगावचा एप्रिल : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ सत्तेचाळीस वर्षांचे असून जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचे, व्यवस्थापक आहेत. ते पत्नी आणि दोन मुलांसह जळगाव शहरात राहतात व रोज कारखान्यावर जाऊन-येऊन करतात. त्यांची आई पारोळ्याकडील मूळ गावी असते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे टिपण तयार करण्यापूर्वी गृहस्थ, त्यांच्या पत्नी, त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि संबंधित व्यायाम केंद्राचे चालक या चौघांशीही स्वतंत्रपणे बोलणे झाले.

खानदेशात कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि फरदडीचा, म्हणजे त्याच उभ्या झाडांपासून पुन्हा घेतलेला, माल धरला तर मार्चपर्यंत रेटला जातो. या काळात जिनिंगच्या व्यवस्थापकाला स्वतःचा म्हणावा असा वेळ उरत नाही. पहाटेपासून वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते आणि पहिला वाद बहुधा ओलाव्यावरून होतो. भारतीय कपास निगमाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा मूळ धरून बारा टक्क्यांपर्यंतचा कापूस कपातीने घेतला जातो व त्यापुढचा नाकारला जातो. त्यामुळे थंडीच्या दिवसांत रात्री दव खाल्लेल्या गाडीत मीटर खुपसल्यावर साडेबाराचा आकडा दिसला, की रात्रभर रांगेत बसलेला शेतकरी आणि ग्रेडर यांच्यामध्ये व्यवस्थापकालाच उभे राहावे लागते. त्यात १७० किलोच्या गाठी वेळेवर बांधून रवाना करणे, सरकीचे व्यवहार, हमालांची मजुरी आणि या सगळ्यांवर ताण करणारी आगीची धास्ती. कापसातून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात जाऊन ठिणगी पडली, तर रुईचा ढीग आतल्या आत धुमसत राहतो आणि ते वरून लवकर कळतही नाही. या धास्तीमुळे गृहस्थांनी अनेक वर्षे रात्रीही फोन उशाशी ठेवला होता व चौकीदाराचा कोणताही फोन ते स्वतःच घेत.

त्यांना तीन वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास होता आणि त्यासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी ते नियमित घेत होते. यातील दुसरा घटक लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर काढून रक्तदाब उतरवतो. पुढील घटनाक्रमात या साध्या गोष्टीला बरेच महत्त्व आले.

अडचण

सलग दोन हंगामांपासून त्यांची झोप विस्कटली होती. रात्री साडेअकराला आडवे झाले तरी दोन वाजेपर्यंत डोळा लागत नसे, सकाळी उठल्यावर जबडा आवळून धरल्यासारखा दुखे, आणि पूर्वी ज्यांच्याशी गोडीने बोलत त्या हमालांवर ते क्षुल्लक कारणावरून आवाज चढवू लागले होते. नोव्हेंबरमध्ये काट्यावर उभे असताना छाती भरून आल्यासारखे झाले, तेव्हा मालकांनी त्यांना स्वतः दवाखान्यात पाठवले. हृदयाचा आलेख, सोनोग्राफी आणि चालण्याची चाचणी या तिन्ही तपासण्या निर्दोष निघाल्या. रक्तदाब औषध चालू असूनही थोडा वरच होता. डॉक्टरांनी हा त्रास दीर्घकाळच्या ताणाचा आणि अपुऱ्या झोपेचा असल्याचे सांगितले व ताण कमी करण्याचा काहीतरी ठरलेला मार्ग धरण्याचा सल्ला दिला. हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा होता, कारण ताण कोठून येतो हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. दवाखान्याच्या गर्दीत ते बहुधा होतही नाही.

विचारात घेतलेले पर्याय

झोपेची गोळी गृहस्थांनी स्वतःच नाकारली, कारण रात्री आगीचा फोन आला आणि जाग आली नाही तर काय, ही भीती त्यांना झोप न येण्यापेक्षा मोठी वाटत होती. हंगामात रजा मिळणे शक्य नव्हते. प्राणायाम त्यांनी आधी केला होता, पण पहाटे पाचला गाड्या लागत असल्याने तो आठवड्याभरात सुटे. समुपदेशनाला ते एकदा जाऊन आले आणि आपल्याला 'तसला' काही आजार नाही असे म्हणून पुन्हा गेले नाहीत.

धुळ्याचे एक परिचित वैद्य स्नेहन-स्वेदन, म्हणजे अंगाला तेल लावून घाम काढण्याचा उपचार, सुचवत होते. हा पर्याय घरात गांभीर्याने चर्चिला गेला आणि तो तसा परकाही नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदावर स्वतंत्र अध्याय असून अग्नीच्या आधाराने घाम काढण्याचे तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेदाची रचना, म्हणजे गोल बांधलेली बंद खोली, मध्यभागी तापलेली भट्टी आणि भिंतीलगत बसण्या-निजण्यासाठी ओटा, ही आजच्या सौनाशी, म्हणजे घाम काढण्यासाठी तापवलेल्या बंद खोलीशी, फार जवळची आहे. मात्र वैद्यांची पद्धत म्हणजे रोज सकाळी दीड-दोन तासांचा सलग कार्यक्रम होता आणि हंगामात सकाळ मिळणे अशक्य होते.

डॉक्टरांनी आणखी एक बिनखर्चाचा मार्ग सांगितला होता. झोपण्यापूर्वी एक ते दोन तास आधी साधारण ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागते, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आढळले आहे. गरम पाण्याने त्वचेकडील, विशेषतः हातापायांकडील रक्तप्रवाह वाढतो, त्यानंतर शरीराची आतली उष्णता बाहेर टाकली जाते आणि हे उतरते तापमान झोपेला अनुकूल ठरते. गृहस्थांनी हा उपाय 'एवढ्याने काय होणार' म्हणून बाजूला ठेवला. फुकटच्या उपायावर विश्वास बसत नाही, हा अनुभव दवाखान्यात बसणाऱ्या कोणालाही नवा नाही.

शेवटी पत्नीने घराजवळच्या व्यायाम केंद्रातील सौनाचा विषय काढला. त्यांच्या शाळेतील एक सहकारी शिक्षिका तेथे जात होत्या. गावी आईच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी फोनवर, "घामच काढाना शे ते वावरमा चाल ना, पैसा कसाले देस?" असे सुनावले, आणि इतकेच असेल तर अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम कुंडात आंघोळ करून ये, असा पर्यायही दिला. आईंचा प्रश्न थट्टेचा असला तरी त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. वावरातला घाम हा कष्टाचा असतो, स्नायू राबत असतात आणि डोक्यात पुढच्या कामाचा विचार असतो. सौनात शरीर स्वस्थ बसलेले असताना केवळ बाहेरच्या उष्णतेने हृदयाचे ठोके वाढतात आणि नंतर थंडाव्यात स्नायू सैल पडतात. दोन्ही ठिकाणी घाम सारखाच येतो, पण विसावा एकाच ठिकाणी मिळतो. तरीही उष्णता सोसण्याचा भार शरीरावर दोन्हीकडे पडतो, आणि आईंच्या बोलण्यातला हा अर्धा भाग एप्रिलपर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही.

निवड आणि तिची कारणे

गृहस्थांनी सौना का निवडला याची त्यांनी सांगितलेली कारणे दोन होती : वेळ संध्याकाळची होती आणि अंतर चालत जाण्याचे होते. बोलण्यातून पुढे आलेले तिसरे कारण अधिक खरे वाटते. ८० अंशांच्या खोलीत फोन नेता येत नाही. चौकीदार, अडते, ट्रकवाले आणि मालक यांच्यापैकी कोणालाही राग न येता फोन बंद ठेवण्याचे असे निर्विवाद कारण त्यांना वर्षानुवर्षांत प्रथमच मिळाले होते.

केंद्रात दोन खोल्या होत्या. एक लाकडी फळ्यांनी मढवलेली, विजेच्या शेगडीवर दगड तापवणारी सौनाची खोली, आणि दुसरी वाफेची. पारंपरिक सौनात हवा साधारण ७० ते १०० अंशांपर्यंत तापलेली पण कोरडी असते, म्हणून घाम लगेच उडून जातो आणि इतके तापमान सोसवते. दगडांवर पळीभर पाणी टाकले की ओलसर उष्णतेची लाट अंगावर येते. वाफेच्या खोलीत तापमान चाळीस-पन्नास अंशच असते, पण हवा बाष्पाने भरलेली असल्याने घाम वाळत नाही आणि शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. गृहस्थांना वाफेत गुदमरल्यासारखे झाले, म्हणून त्यांनी पहिली खोली धरली.

डॉक्टरांनी परवानगी देताना अटी घातल्या. खालच्या फळीवर बसावे, कारण वरची फळी बरीच अधिक तापते. एका वेळी आठ-दहा मिनिटे, मध्ये तेवढीच विश्रांती, अशा दोन फेऱ्या पुरेत. आधी व नंतर पाणी प्यावे. उपाशीपोटी किंवा भरपेट जेवून जाऊ नये. मद्य घेतले असेल त्या दिवशी मुळीच जाऊ नये. एकट्याने बसू नये. आणि उठताना आधी काही क्षण पाय खाली सोडून बसावे. आठवड्यातून तीन वेळा, असे ठरले. हंगाम, हवामान किंवा अटींचा फेरविचार कधी करायचा याबद्दल मात्र काही ठरले नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी

पहिले अडीच महिने चांगले गेले. खानदेशातली थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना कल्पना येईल की डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा अशा खोलीचे सुख काय असते. पत्नीने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर नवरा किती वाजता झोपला याच्या खुणा ठेवल्या होत्या. सौनाला गेलेल्या दिवशी बहुतेक वेळा बाराच्या आत झोप लागलेली दिसते, न गेलेल्या दिवशी पूर्वीसारखीच ओढाताण. जबड्याचे दुखणे कमी झाले. रक्तदाब औषध न वाढवता आटोक्यात आला.

या सुधारणेचे श्रेय केवळ उष्णतेला देणे घाईचे ठरेल. सौनात त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके भरभर चालल्यावर होतात तसे मिनिटाला शंभराच्या वर जातात आणि बाहेर आल्यावर शरीर हळूहळू निवते. याचा झोपेला उपयोग होतो, हे मान्य करावे. परंतु त्याच संध्याकाळी गृहस्थ तासभर फोनपासून दूर होते, चालत घरी येत होते, केंद्रातील दोन-तीन समवयस्कांशी कापसाचा भाव सोडून इतर विषयांवर बोलत होते आणि घरी आल्यावर निवांत जेवत होते. फिनलंडमध्येही सौना म्हणजे केवळ तापलेली खोली नव्हे. तेथील सौनासंस्कृतीचा समावेश युनेस्कोने २०२० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला तो तिच्याभोवतीच्या एकत्र बसण्याच्या, घाई न करण्याच्या रीतीसह.

फेब्रुवारीतील वळण

फेब्रुवारीत खरेदीचा जोर, वर्षअखेरचे हिशेब आणि एका व्यापाऱ्याची अडकलेली रक्कम हे सगळे एकदम आले. याच सुमारास मित्रमंडळींच्या गटात एक संदेश फिरला की फिनलंडचे लोक रोज सौना घेतात म्हणून त्यांना हृदयविकार होत नाही. या संदेशाच्या मुळाशी एक खरा अभ्यास आहे. पूर्व फिनलंडमधील कुओपिओ परिसरातील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे पाठपुरावा करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकाराने अकस्मात येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. पण तो निरीक्षणावर आधारित अभ्यास होता. जे वारंवार सौना घेऊ शकत होते ते मुळात अधिक निरोगी असण्याची शक्यता त्यातून पूर्णपणे वगळता येत नाही. शिवाय ती माणसे लहानपणापासून सौनाला सरावलेली आणि थंड प्रदेशात राहणारी होती. ज्या गावात उन्हाळ्यात सावलीतच पारा ४३-४४ वर जातो त्या गावच्या रक्तदाबाच्या रुग्णाने त्या अभ्यासातून रोजच्या सौनाचा नियम काढणे हे त्या अभ्यासकांनीही मान्य केले नसते.

गृहस्थांनी तो नियम काढला. आठवड्यातून तीनाऐवजी पाच-सहा वेळा, दहाऐवजी वीस मिनिटे, खालच्याऐवजी वरची फळी, आणि शेवटी डोक्यावर गार पाण्याची बादली. कारखान्यातून निघण्यास उशीर होऊ लागल्याने ते घरी न जाता थेट केंद्रात येत. चारच्या चहानंतर पोटात काही नसे आणि गाडीत बसल्यापासून त्या व्यापाऱ्याशी फोनवर वाद चाललेला असे. चरकाने स्वेदाला अपात्र ठरवलेल्यांच्या यादीत तहानलेला, भुकेला, रागावलेला आणि शोकाकुल या चौघांचाही उल्लेख आहे. स्वेदानंतर लगेच डोळ्यांवर थंड पाणी मारू नये, थोडे थांबून मग कोमट पाण्याने स्नान करावे, असेही सांगितले आहे. गृहस्थ त्या दिवसांत चौघांपैकी निदान तिघे तरी एकाच वेळी होते.

या टप्प्यावर प्रकरणाचा पहिला खरा निर्णयबिंदू येतो आणि तो कोणी घेतलाच नाही. केंद्रातील सेवकाला सदस्य अधिक वेळा येतो आहे हे दिसत होते, पण ते केंद्राच्या दृष्टीने चांगलेच होते. पत्नीला नवरा अधिक चिडचिडा झाला आहे हे जाणवत होते, पण सौना चालू आहे म्हणजे काळजी घेतली जात आहे, असे त्यांनी धरले. गृहस्थ स्वतः असे मानत होते की परिणाम कमी पडतो आहे म्हणजे मात्रा वाढवली पाहिजे. वास्तविक परिणाम कमी पडत होता तो ताण वाढल्यामुळे आणि निवांतपणा गेल्यामुळे. उष्णता तर वाढतच होती.

एप्रिलमधील प्रसंग

मार्चअखेर जिनिंग थांबले आणि यंत्रांची देखभाल सुरू झाली. बाहेरच्या माणसाला वाटते की हंगाम संपला म्हणजे व्यवस्थापक मोकळा झाला. प्रत्यक्षात पत्र्याच्या शेडखाली दिवसभर फिटरसोबत उभे राहण्याचे काम याच दिवसांत असते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्या दिवशी बाहेर ४३ अंशांच्या आसपास तापमान होते आणि पत्र्याखाली त्याहून अधिक. गृहस्थांनी दुपारचा डबा अर्धाच खाल्ला होता, लघवी दुपारपासून पिवळीजर्द व थोडी होत असल्याचे त्यांना नंतर आठवले, आणि सकाळची रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे घेतलेली होती.

रात्री साडेआठला ते सौनात शिरले. अठरा-वीस मिनिटांनी वरच्या फळीवरून एकदम उठून बाहेर आले, कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत पोहोचले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन बाकावर कलंडले. कोपराला खरचटले, डोके आपटले नाही. घडले ते समजण्यासारखे आहे. उष्णतेने त्वचेकडे रक्त ओढले गेले होते, दिवसभराच्या घामाने आणि गोळीने शरीरातील पाणी व मीठ आधीच कमी झाले होते, त्यात सौनाच्या एका बैठकीतच साधारण अर्धा लिटर घाम जातो, आणि अशा अवस्थेत झटकन उभे राहिल्यावर मेंदूकडे पुरेसे रक्त पोहोचले नाही.

केंद्रातील तरुण सेवकाचे वर्तन नमूद करण्यासारखे आहे. त्याने त्यांना उठवून बसवण्याचा प्रयत्न केला नाही. जमिनीवर सरळ झोपवून पाय बाकावर ठेवले, पंखा लावला, ओल्या टॉवेलने मान व काखा पुसल्या आणि पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलू लागल्यावरच घोटघोट जलसंजीवनी पाजली. कोणीतरी तळपायाला कांदा चोळण्यासाठी धावले. त्यालाही त्याने अडवले नाही, फक्त बाजूला बसवले. केंद्रातील यंत्रावर आडव्या अवस्थेत रक्तदाब ९६/६० आला. अर्ध्या तासात ते डॉक्टरांकडे होते. डॉक्टरांनी प्रथम शरीराचे तापमान आणि बोलण्यातील संगती तपासली, कारण अंग तापलेले असून माणूस बरळू लागला असता तर तो उष्माघात ठरला असता आणि तेथे एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे लागले असते. तसे नव्हते. रक्तातील सोडियम किंचित कमी निघाले, हृदयाचा आलेख पूर्वीसारखाच होता.

त्यानंतरचे निर्णय

दुसऱ्या दिवशी तीन मते पुढे आली. सौना कायमचा बंद करावा, हे पत्नीचे मत होते. गृहस्थांचे म्हणणे असे की वेळ कमी करून चालू ठेवावा, कारण तो बंद झाला तर पुन्हा रात्रभर जागावे लागेल. केंद्रचालकांनी वाफेच्या खोलीचा पर्याय दिला, जो खरे पाहता अधिक गैरसोयीचा होता. डॉक्टरांचा निर्णय या तिन्हींहून वेगळा होता : सौना वाईट नाही, पण तो दिवसभर सोसलेल्या उष्णतेच्या हिशेबात धरला पाहिजे. डिसेंबरात गृहस्थांचे शरीर दिवसभर थंडीत असे आणि सौना ही त्या दिवसाची एकमेव उष्णता होती. एप्रिलमध्ये शरीर आठ तास पत्र्याखाली तापून येत होते आणि सौना ही त्यावरची भर होती. म्हणून पाऊस पडून हवा निवेपर्यंत सौना पूर्ण बंद ठेवावा, असे ठरले. डॉक्टरांनी तपासणीनंतर उन्हाळ्यापुरती लघवी वाढवणारा घटक नसलेली गोळी दिली. हा बदल त्यांनी देखरेखीखाली केला आणि रुग्णाने आपल्या मनाने असा बदल करू नये, हेही बजावले.

घरगुती इलाज सुचवताना धुळ्याच्या वैद्यांचे मत पुन्हा विचारले गेले. चरकाने स्वेद अति झालेल्या माणसासाठी ग्रीष्म ऋतूची चर्या, म्हणजे मधुर, स्निग्ध आणि शीतल उपचार सांगितले आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. डॉक्टर आणि वैद्य यांचे या एका मुद्द्यावर पूर्ण एकमत झाले, जे एरवी या घरात क्वचितच घडत असे. संध्याकाळी साध्या पाण्याची आंघोळ, रात्री आठपर्यंत जेवण, ताक व पाणी पुरेसे, आणि झोपण्यासाठी गच्ची, असा बेत ठरला.

मात्र खरा अवघड निर्णय रात्रीच्या फोनचा होता. तो विषय यावेळी पत्नीने लावून धरला आणि गृहस्थ समुपदेशकाकडे पुन्हा गेले. तीन-चार भेटींनंतर त्यांनी मालकांसमोर दोन मागण्या ठेवल्या : रात्रीची जबाबदारी आठवड्याआड एका सहायकाने घ्यावी, आणि काट्यावर शेतकऱ्यासमोर दुसऱ्या मीटरने ओलावा पुन्हा मोजण्याची पद्धत कारखान्याने स्वतः जाहीर करावी, म्हणजे प्रत्येक वाद व्यवस्थापकापर्यंत येणार नाही. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरी मालकांना आधी खर्चाची आणि नंतर कमीपणाची वाटली. ती पुढच्या हंगामाच्या तोंडावर, अर्ध्या मनाने का होईना, स्वीकारली गेली.

निष्पत्ती

मे महिना गृहस्थांना जड गेला. पहिले काही आठवडे झोप पुन्हा बिघडली. जूनपासून, एक आठवड्याआड फोन दुसऱ्याकडे जाऊ लागल्यावर, त्या आठवड्यात झोप ठीक लागू लागली; स्वतःच्या पाळीच्या आठवड्यात अजूनही ती तितकी बरी नसते. नोव्हेंबरअखेर त्यांनी सौना आठवड्यातून दोनदा, जुन्याच अटींवर पुन्हा सुरू केला. आता ते घरी येऊन थोडे खाऊन जातात आणि जाण्यापूर्वी व आल्यावर केंद्रातील काट्यावर वजन करतात. फरक अर्ध्या किलोहून अधिक आला तर पुढील वेळी एकच फेरी घेतात. होळी झाली की सौना बंद, असा घरचा नियम झाला आहे.

वेगळे काय करता आले असते

सदस्यत्व देताना केंद्राने घेतलेल्या अर्जात 'रक्तदाब आहे काय' हा रकाना होता, 'कोणती गोळी' हा नव्हता. लघवी वाढवणाऱ्या, हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या किंवा रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांवर असलेल्या माणसाचे शरीर उष्णतेला वेगळे उत्तर देते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, छातीतील दुखणे अस्थिर असलेल्या किंवा हृदयाची झडप फार अरुंद झालेल्या माणसाने तर सौनात बसूच नये. या एका रकान्याने गृहस्थांची परवानगी नाकारली गेली नसती, पण उन्हाळ्याचा प्रश्न नोव्हेंबरातच उपस्थित झाला असता.

दुसरी बाब अधिक वादाची आहे. सौनामुळे हिवाळ्यात झोप सुधारली नसती तर रात्रीच्या फोनचा प्रश्न डिसेंबरातच ऐरणीवर आला असता, असे पत्नीचे म्हणणे आहे. सौनाने दुखणे बरे न करता झाकले, असा त्यांचा आक्षेप आहे. समुपदेशकांचे मत उलट आहे. फोन बंद ठेवलेल्या त्या तासांत कारखाना जळाला नाही, हे गृहस्थांनी स्वतः अनुभवले म्हणूनच पुढे जबाबदारी वाटून देण्याचे बोलणे त्यांच्या तोंडून निघू शकले. या टिपणाच्या लेखकाचा कल समुपदेशकांकडे आहे, परंतु फेब्रुवारीतील वाढीव फेऱ्यांना मात्र पत्नीचाच आक्षेप तंतोतंत लागू होतो. विसाव्याच्या साधनाची मात्रा कोणी आपणहून दुप्पट करू लागला, तर तो अधिक विसावा घेत आहे असे न समजता ताण वाढला असल्याची ती खूण समजावी आणि त्याच आठवड्यात विचारपूस व्हावी.

तिसरा मुद्दा केंद्राचा असून तो अद्याप सुटलेला नाही. चालकांनी खोलीबाहेर वाळूचे घड्याळ लावले, एकट्याने बसण्यास मनाई केली आणि अर्जात औषधाचा रकाना वाढवला. एप्रिल-मेमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सौना देऊ नये, ही सूचना मात्र त्यांनी अजून स्वीकारलेली नाही, कारण वार्षिक शुल्क भरलेले सदस्य त्या दोन महिन्यांचे पैसे परत मागतील. शुल्क दहा महिन्यांचे आकारून उन्हाळ्यात खोलीच बंद ठेवावी, असा प्रस्ताव डॉक्टरांनी दिला आहे. विजेची बचत धरून त्याचा हिशेब चालकांनी मागवला आहे.